जर्मन गाडीची चार बुचं

खंडेनवमी, १९८१. सकाळी लेथखालच्या ट्रेमधला लोखंडाचा कीस काढून मी पत्र्याच्या डब्यात भरत होते. एरवी हे काम आठवड्यातून एकदा होतं. पण त्या दिवशी लेथची पूजा व्हायची होती, आणि पूजेच्या यंत्राखाली कीस दिसला की नामदेव मिस्त्रीचं तोंड उतरतं.

आमची शेड नाशिकरोडहून देवळाली कॅम्पला जाणाऱ्या रस्त्यावर. शेड एक, धंदे दोन. डावीकडे माझा लेथ, उजवीकडे नामदेवचं गॅरेज. तो इंजिनं उघडायचा, आत जे झिजलेलं किंवा तुटलेलं सापडेल ते माझ्याकडे टाकायचा आणि मी ते नवीन करून द्यायचे. लेथ माझ्या वडिलांचा. ते इगतपुरीला रेल्वेत टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातून हा जुना इंग्लिश लेथ घेतला, आणि घरात मुलगा नसल्यामुळे म्हणा किंवा मी सारखी शेजारी उभी राहून प्रश्न विचारायचे म्हणून म्हणा, तो मला शिकवला. लेथवर काम करताना पदर कमरेला घट्ट खोचायचा, वरून वडिलांचा खाकी शर्ट चढवायचा आणि हातात बांगडी ठेवायची नाही. बांगड्या नाहीत म्हणून गिऱ्हाइकं आधी मला विधवा समजायची, मग नवरा जेवणाचा डबा घेऊन आला की गोंधळायची. मी खुलासा करत बसायचे नाही. काम काय आहे ते विचारायचे.

आमच्या घरी छप्पन्न सालापासून देवपूजा नाही. नामदेवची खंडेनवमी मात्र कडक. पान्ह्यापासून हातोडीपर्यंत सगळं रॉकेलनं धुवायचं, पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, लेथच्या फिरत्या चकला झेंडूची माळ घालायची, आणि त्यानंतर दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत एकाही अवजाराला हात लावायचा नाही. मी विहारात जाते तेव्हा तो माझं काम अडवत नाही. त्याच्या दिवशी मी लेथला हात लावत नाही. हे आम्ही कधी बसून ठरवलं नव्हतं, पण पाळत होतो.

माळ घालून होते न होते तोच गांगुर्डे आले. गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. सापानं फुत्कारावं तसा आवाज, मध्येच एखादी शिंक. शेडसमोर गाडी थांबवून त्यांनी बॉनेट उघडलं आणि बाजूला उभे राहिले.

"ताई, परत उडालं."

मी वाकून पाहिलं. चार बुचांपैकी तीन जागेवर होती. चौथ्या भोकातून आतला अंधार दिसत होता. हे तिसऱ्यांदा होत होतं.

ही कसली बुचं आणि कसली भोकं, ते आधी सांगते.

काशिनाथ गांगुर्डे हे देवळाली कॅम्पातल्या धनबाई नावाच्या पारशी बाईंचे ड्रायव्हर. बाई एकट्या, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या भावानं कुठल्याशा वकिलातीची वापरलेली जर्मन गाडी विकत घेतली होती. भाऊ गेला, गाडी राहिली आणि गाडीबरोबर गांगुर्डे राहिले. बंगल्याच्या मागच्या खोलीत ते, त्यांची बायको आणि दहावीतली मुलगी राहायची. मूळचे घोटीकडचे, पण गावी आता घर नव्हतं. बाईंचा मुंबईतला भाचा बरेच दिवस म्हणत होता की हे धूड भंगारात काढा आणि आगगाडीनं फिरा. गाडी गेली की ड्रायव्हर नको, ड्रायव्हर नको तर खोली माळ्याला देता येईल, हा हिशेब त्यानं गांगुर्डेंच्या समोरच मांडला होता. शेवटी असं ठरलं की भाच्यानं स्वतः यायचं आणि दसऱ्याला बाईंना डोळे दाखवायला याच गाडीतून मुंबईला न्यायचं. गाडी कसारा घाटानं नीट गेली तर राहील. अडली तर तिथूनच भंगारवाल्याकडे जाईल.

भाचा त्या संध्याकाळी येणार होता. निघायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता गाडीचं दुखणं. तेव्हा आपल्याकडच्या सगळ्या गाड्यांना कार्बोरेटर असायचा. कार्बोरेटर म्हणजे अत्तराचा फवारा उडवणारी कुपी म्हणा. इंजिन हवा ओढतं, त्या हवेच्या झोतात पेट्रोल मिसळतं आणि ते मिश्रण नळीतून आत जातं. या जर्मन गाडीत कार्बोरेटरच नव्हता. हवा एका नळीनं यायची, आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी बोटाएवढी एक पिचकारी होती, तिला इंजेक्टर म्हणतात. किती पेट्रोल मारायचं ते विजेच्या एका डब्यातून ठरायचं. डबा ड्रायव्हरच्या सीटखाली होता. तो एके दिवशी मेला. मुंबईच्या कारागिरानं सांगितलं की डबा जर्मनीहून मागवावा लागेल, त्याला परवाना लागेल, आणि परवाना मिळेपर्यंत बाईंनी वाट पाहावी का याचा विचार करावा.

नामदेव म्हणाला, अँबेसेडरचा कार्बोरेटर बसवू. मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्यानं गाडीचा तो सगळा पसारा उतरवला. डबा, वायरी, विजेचा पंप, चारही पिचकाऱ्या. कार्बोरेटर जिथं बसवायचा तिथली भोकं जुळत नव्हती, म्हणून मी मध्ये बसेल अशी अॅल्युमिनियमची जाड तबकडी करून दिली. गाडी सुरू झाली. गांगुर्डे नामदेवच्या पायाला हात लावायला गेले तेव्हा तो उडी मारून मागे सरला.

एक चुटपुट मात्र मला राहिली. उतरवलेल्या त्या पिचकाऱ्या नामदेवनं भंगारात दिल्या. इतकं बारीक, इतकं नेटकं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यातली एक ठेवून घ्यायला हवी होती, कापून आत काय आहे ते बघायला. असो.

पिचकाऱ्या निघाल्या, भोकं राहिली. ती हवेच्या नळीत असतात, त्या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिन चालू असताना या नळीत जोरात ओढ असते. कागदी नळीनं उसाचा रस पिताना नळीला मध्येच भोक असेल तर काय होतं? रस कमी आणि हवा जास्त येते. इंजिनचंही तेच. कार्बोरेटरनं मोजून दिलेल्या मिश्रणात भोकातून फुकटची हवा घुसते, पेट्रोल पातळ पडतं, इंजिन शिंकतं, तापतं आणि चढावर मान टाकतं. म्हणून भोक बुजवायचं, आणि असं बुजवायचं की सुईच्या टोकाएवढी हवासुद्धा जाऊ नये.

माझ्या धंद्यात भोक पाडणं सोपं आणि बुजवणं अवघड. लोकांना उलटं वाटतं. वणीकडचा एक शेतकरी एकदा त्याच्या पाण्याच्या इंजिनाचं डोकं घेऊन आला होता. एका भोकात त्यानं बाभळीची खुंटी ठोकलेली, तिच्यावर सुतळी, सुतळीवर डिंक. दोन हंगाम इंजिन त्याच्यावर चाललं. मी म्हटलं, बुवा, मी आता पितळेचं बूच करून देते. तो म्हणाला, "करा, पन खुटी मला परत द्या. तुमचं निघालं तर लागंल." मी खुंटी परत दिली. कागदात बांधून.

रसवंतीचे रूळ, द्राक्षांच्या फवारणी पंपांची बुशं, देवळालीच्या फौजींचे पिठाच्या गिरणीएवढे जुने पंखे, असं सगळं माझ्या लेथवरून गेलं आहे. पण त्या जर्मन गाडीच्या बुचांनी जेवढं डोकं खाल्लं तेवढं दुसऱ्या कशानं नाही.

पहिली बुचं नामदेवनंच केली. लाकडाच्या गुल्ल्या, वर लाख. पेट्रोलची वाफ लागल्यावर लाख मऊ पडली आणि एक उडालं. मग माझ्याकडे काम आलं. मी पोलाद घेतलं नाही. नळी अॅल्युमिनियमची होती आणि अॅल्युमिनियम तापलं की पोलादापेक्षा जास्त फुगतं. पोलादाचं बूच सकाळी घट्ट बसेल आणि घाटात सैल होईल. म्हणून बुचंही अॅल्युमिनियमची केली, कमरेला खाच पाडली आणि खाचेत पेट्रोलला दाद न देणारी रबरी रिंग बसवली. हातानं दाबून बसतील, पण ओढून निघायची नाहीत, एवढीच सूट ठेवली. चाचणीला साबणाचं पाणी लावलं. कुठे गळत असेल तर इंजिन ते पाणी आत ओढतं. एक थेंब आत गेला नाही. नामदेव म्हणाला, ताई, हे बूच आता गाडीबरोबरच जाईल.

आठ दिवसांनी गांगुर्डे आले, एक बूच उडालेलं. मी दोन खाचा पाडून दोन रिंगांची बुचं केली, आधीपेक्षा घट्ट. आणि आता खंडेनवमीला तेही उडालं होतं.

नामदेव भोकात बोट घालून फिरवत उभा होता. म्हणाला, वरून लोखंडी पट्टी टाकू, दोन बोल्ट मारू, मग बघू कसं उडतं. उपाय बरोबर होता. पण पट्टी कापायला करवत लागणार होती, भोकाला ड्रिल लागणार होतं, आणि सगळ्या अवजारांवर नुकतंच कुंकू वाहिलेलं होतं. नामदेवनं अवजारांकडे पाहिलं, गांगुर्डेंकडे पाहिलं.

"देव काय एवढ्यावर रागावत नाय," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

मी त्याला म्हटलं, राहू दे. पट्टी मारायची की नाही ते नंतर. आधी मला एक कळत नाही. इंजिन आत ओढतं. जे आत ओढलं जातं ते बाहेर कसं उडतं? सैल बूच असेल तर आत जायला हवं. हे प्रत्येक वेळी बाहेरच का पडतं?

खरं तर हा प्रश्न मला पहिल्या वेळीच पडायला हवा होता, पण लेथ चालू असला की हात आधी धावतो. बूच निघालं, घट्ट कर. पुन्हा निघालं, आणखी घट्ट कर. त्या दिवशी लेथला माळ होती म्हणून विचार करायला सवड मिळाली.

मी गांगुर्डेंना विचारलं, कुठे उडतं?

"घाटात."

"चढताना की उतरताना?"

"चढताना समजतं, ताई. गाडी दम टाकाया लागते."

"समजतं ते कळलं. उडतं कधी?"

त्यांनी डोकं खाजवलं. ते त्यांना सांगता आलं नाही.

मग मी म्हटलं, चला, बघूनच येऊ. उडालेलं बूच त्यांनी बॅटरीजवळच्या पत्र्यावरून शोधून आणलं होतं. ते मी हातानं दाबून बसवलं. नवऱ्याला निरोप ठेवला आणि पुढच्या सीटवर बसले. नामदेव पूजा सोडून येणार नव्हता.

नाशिकरोड ते घोटी गाडी सुरेख चालली. भातं पिवळी पडायला लागली होती. मी बॉनेटकडे कान देऊन बसले होते, पण फुत्कार नाही, शिंक नाही. इगतपुरी गेली. घाटाच्या माथ्यावर आलो, रस्ता उताराला लागला, आणि गांगुर्डेंनी हात पुढे करून चावी फिरवली.

इंजिनाचा आवाज गेला. नुसता टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज राहिला.

"काय केलंत?"

"काय?" त्यांना खरंच कळलं नाही.

"इंजिन बंद केलंत."

"बंद नाय ताई, चावी बंद केली. गिअर हाय की. गाडी धरून राहते. उताराला कशाला पेट्रोल जाळायचं?" मग मला धीर देण्यासाठी म्हणाले, "चावी भाईर काढायची नाय, निस्ती फिरवायची. काढली तर स्टेरिंग आडकतं."

मला पुढचं पाहायचं होतं. गाडी वळणं घेत उतरत होती, इंजिन चाकांच्या जोरावर गरगर फिरत होतं. खाली सपाटीला आल्यावर गांगुर्डेंनी पुन्हा हात पुढे केला आणि चावी चालू केली. बॉनेटखाली फट् असा आवाज झाला, लवंगी फटाक्यासारखा. पाठोपाठ फुत्कार सुरू झाला.

"थांबवा," मी म्हटलं.

बॉनेट उघडलं. चौथं भोक उघडं. बूच पुन्हा बॅटरीजवळच्या पत्र्यावर पडलेलं, अजून कोमट. मी ते हातात घेतलं आणि मला एवढा आनंद झाला की तो लपवावा लागला, कारण गांगुर्डेंचा चेहरा पडला होता.

झालं होतं ते असं. पूर्वी, पिचकाऱ्या होत्या तेव्हा, चावी बंद केली की विजेचा डबा बंद पडायचा. पिचकाऱ्या मिटायच्या. इंजिन नुसती हवा ओढत उतरायचं. आता कार्बोरेटर आहे. त्याला चावी माहीत नाही. इंजिन फिरतंय आणि हवा ओढतंय म्हटल्यावर तो इमानदारीनं पेट्रोल देत राहतो. ठिणगी नाही म्हणून ते जळत नाही. काही धुराड्यातून निघून जातं, बाकीचं त्या लांबलचक नळीत साचतं. ही नळी नुसत्या हवेसाठी बनवलेली, तिला पेट्रोल बाळगायची सवय नाही. सगळ्यात जास्त साचतं ते शेवटच्या टोकाला, चौथ्या भोकापाशी. खाली येऊन चावी फिरवली की ठिणगी पडते, ते सगळं एकदम पेटतं, आणि त्या भडक्याला बाहेर यायला सगळ्यात हलकं दार म्हणजे माझं बूच.

हे मी गांगुर्डेंना एका वाक्यात सांगितलं: "तेव्हा चावी बंद केली की पेट्रोल बंद व्हायचं. आता चावी बंद केली की फक्त ठिणगी बंद होते."

ते रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकले. सुरुवातीला मानायला तयार नव्हते. इतकी वर्षं अशीच चालवली, कधी काही झालं नाही, असं दोनदा म्हणाले. मग आपणच म्हणाले, "म्हणजे आत्ता झालं ते माझ्यामुळं."

मी म्हटलं, कोणामुळे ते सोडा. उद्या घाटात चावीला हात लावू नका. काम संपलं.

बूच बसवायला मी रस्त्याकडेचा गुळगुळीत दगड घेतला. नामदेवचा नेम मोडत नव्हता, दगड काही त्याच्या पूजेत नव्हता. तीन ठोक्यांत बूच बसलं. गाडी फिरवून आम्ही घाट चढायला लागलो. जी गाडी प्रत्येक वेळी येताना मान टाकायची ती दुसऱ्या गिअरमध्ये भरलेल्या ट्रकांना मागे टाकत वर आली. मला वाटलं आता हा माणूस हसेल. पण ते हसले नाहीत. माथ्यावर आल्यावर गाडी कडेला घेतली आणि समोर बघत म्हणाले, "ताई, बाईंनी सांगितलं तर?"

"काय सांगितलं तर?"

"चावी बंद कर म्हणल्या तर?"

तेव्हा मला उलगडलं. ही सवय गांगुर्डेंची नव्हतीच. पेट्रोल महागलं त्या सुमारास भावानं घाटात गाडी बंद करायची पद्धत पाडली होती, आणि तो गेल्यावर धनबाईंनी ती चालू ठेवली. घाटाचा माथा आला की मागच्या सीटवरून त्या म्हणायच्या, "गांगुर्डे, बंद कर." पेट्रोल वाचतं हे कारण होतंच. पण त्यांना तो आवाज नसलेला उतार आवडायचा. काच खाली करून बसायच्या. गांगुर्डेंना आता बाईंनी बोलावंही लागत नव्हतं, हात आपोआप जायचा.

मी म्हटलं, मग आज घरी गेल्यावर बाईंना सांगा की आता चालणार नाही.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचकट बोलले. "मी सांगू? भाचा संध्याकाळी येनार. त्याच्यापुढं मी म्हनू की बाईंनी गाडी बिघडवली?"

"मग मी सांगते."

"नका ताई. त्यांना वाटंल मीच शिकवून पाठवलं."

"नोकरी जाईल, गांगुर्डे."

"जाईल," ते म्हणाले. एवढंच. आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

परतीच्या वाटेवर मी नामदेवच्या पट्टीचा विचार करत होते. दसऱ्याला उजाडल्या उजाडल्या पट्टी मारता आली असती. बूच उडालं नसतं आणि कोणालाच काही सांगावं लागलं नसतं. पण भडका काही पट्टी पाहून थांबत नाही. बूच निघालं नाही तर तो कार्बोरेटरच्या तोंडातून वर आला असता, आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी पेट्रोलच असतं. बॉनेटखाली आग, घाटाच्या पायथ्याशी, आत म्हाताऱ्या बाई. माझं बूच आजवर तीनदा उडालं म्हणून मी स्वतःवर चिडले होते. खरं तर उडून त्यानं गाडी वाचवली होती. पट्टी मारायची नाही हे मी तिथेच ठरवलं, आणि संध्याकाळी नामदेवलाही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे बूच बरोबर हाय. माणसं नीट बसवायची राहिलीत."

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या घरचे सगळे त्रिरश्मी लेण्यांवर वंदनेला जाणार होते. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही मुलांना घेऊन पुढे व्हा, मी दुपारपर्यंत येते. पहिल्या बसनं देवळाली कॅम्पला गेले.

बंगल्याच्या आवारात गाडी उभी होती. गांगुर्डे तिची काच पुसत होते. मला पाहून त्यांचा हात थांबला. भाचा गाडीभोवती फिरून टायर बघत होता, चाळिशीचा, चांगला वाटला, पण मनाशी ठरवून आलेला. मी त्याला म्हटलं, साहेब, निघायच्या आधी तेल आणि पाणी स्वतः बघून घ्या, गांगुर्डे दाखवतील. तो खूश होऊन बॉनेटकडे गेला. मी व्हरांड्यात धनबाईंकडे गेले. त्या चहात बिस्किट बुडवत होत्या.

मी पाल्हाळ लावलं नाही. बूच कसं उडतं, केव्हा उडतं आणि का उडतं, ते सांगितलं. पूर्वी चालायचं ते आता का चालत नाही, तेही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. चहा संपवला.

"म्हणजे बूच मी उडवते," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"गांगुर्डेनी मला का नाय बोलला?"

"ते बोलायचे नाहीत. खोली गेली तरी बोलायचे नाहीत."

धनबाईंनी कप बशीत ठेवला आणि गांगुर्डेंना हाक मारली. ते पायरीखाली येऊन उभे राहिले. भाचा बॉनेटमध्ये डोकं घालून होता.

"गांगुर्डे, घाटात मी बोलली की बंद कर, तर तू काय करशील?"

गांगुर्डेंनी खाली पाहिलं. मी मनातल्या मनात त्यांना उत्तर सांगत होते.

"बंद करीन, बाई."

"बघ," धनबाई मला म्हणाल्या. "ही असली माणसं. ने माझ्या तोंडाचा काय भरवसा? एवढ्या वर्षांची सवय. डोळे मिटले असले तरी घाट आला की मला समजते, ने तोंडातून निघून जाते." त्यांनी काठी घेतली. "तू चल."

"कुठे?"

"कसारापरेंत. माझ्या बाजूला बस. घाट आला की बोल. मला बोलायला देऊ नको."

मी आयुष्यात कामाशिवाय बोललेली नाही. माझ्या बहिणी याची खात्री देतील. पण दसऱ्याच्या त्या सकाळी मी मागच्या सीटवर धनबाईंच्या शेजारी बसले, पुढे भाचा आणि गांगुर्डे. इगतपुरी गेली तशी मी विषय शोधायला लागले आणि मला एकच विषय येत होता. माथा दिसला. धनबाई पुढे सरकल्या, त्यांनी काच खाली केली, ओठ उघडले. मी म्हटलं, "बाई, लेथवर स्क्रूचे आटे कसे पाडतात माहीत आहे?"

त्यांनी तोंड मिटलं. मग मी थांबले नाही. डावे आटे आणि उजवे आटे, इंग्लिश आटे आणि मेट्रिक आटे, टूलला किती कोन द्यायचा, एका फेऱ्यात किती कापायचं, सगळं सांगितलं. गांगुर्डे इंजिन चालू ठेवून हळूहळू उतरत होते. भाच्यानं मागे वळून दोन प्रश्न विचारले, चांगले होते, त्यांचीही उत्तरं दिली. तिसऱ्या की चौथ्या वळणाला पाहिलं तर धनबाई झोपल्या होत्या. तरी मी बोलत राहिले. झोपेत बोलायची सवय असली तर?

कसाऱ्याला सपाटीवर गाडी थांबली. मी उतरून बॉनेट उघडलं. भाच्यानं काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, गांगुर्डे म्हणाले, पाणी बघतो साहेब. आम्ही दोघं वाकलो. चारही बुचं जागेवर होती. मी चौथ्याला बोट लावून पाहिलं. हललं नाही.

धनबाई जाग्या झाल्या होत्या. भाचा आत्याला म्हणत होता की फुई, गाडी तर ठीक चालते, राहू दे पुढच्या वर्षापर्यंत.

"गाडी राहील," धनबाई म्हणाल्या. "गांगुर्डे राहील. मागच्या सीटचं काय ते मी बघते."

भाच्याला शेवटचं काही समजलं नाही आणि त्याला कोणी समजावलंही नाही. गाडी सुरू झाली आणि निघाली. गांगुर्डेंनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट होते. मी स्टेशनाकडे चालत गेले, एक चहा घेतला आणि नाशिकची पॅसेंजर धरली.